शेवटची किटली

वरकुट्याच्या दूध डेअरीत फॅट काढायचं मशीन होतं, डिग्री बघायची काचेची नळी होती आणि तात्याबाचं नाक होतं. मशीन महिन्यातून चार दिवस बंद असायचं. नळी दोनदा फुटून नवी आली होती. नाक मात्र बारा वर्षांत एकदाही बंद पडलं नव्हतं, आणि सगळ्यांचा खरा भरवसा त्याच्यावरच होता.

काम तसं साधं. सकाळी सहाला लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे. समोर बुटका ओटा, ओट्यावर किटली ठेवायची, तात्याबा झाकण काढून वाकायचा, एक श्वास आत ओढायचा आणि 'हूं' म्हणायचा. 'हूं' म्हणजे दूध पास. मग पलीकडे बसलेला संभाजी माप लिहून घ्यायचा आणि बाटलीत नमुना धरायचा. तात्याबा 'हूं' म्हणाला नाही तर किटली परत. त्यावर अपील नव्हतं.

एका उन्हाळ्यात त्यानं खुद्द चेअरमन दत्तोबांची किटली अडवली होती. "तात्याबा, आत्ताच काढलंय, धार कोमट हाय अजून," चेअरमन म्हणाले होते. तात्याबा हटला नाही. दत्तोबांनी रागानं ते दूध घरी नेऊन तापवलं आणि पातेल्यात चोथापाणी झालं. तेव्हापासून गावात त्याचा शब्द चालायला लागला. कुणी बोलायला गेलं की तात्याबा आपलं नाक हलकेच वर करून बोलायचा. लोक हसायचे, पण पाठीमागं.

एवढा नाकाचा अभिमान कशापायी, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. तात्याबाचा बाप मेंढरामागं फिरलेला माणूस. तात्याबाही आठ वर्षांचा होईपर्यंत वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावरच वाढला. पुढं त्याला इंदापूरच्या बोर्डिंगात घातलं. तिथं पहिल्याच रात्री शेजारच्या पोरानं आपली वळकटी उचलून दुसऱ्या भिंतीला नेली होती. "ह्याला मेंढरांचा वास येतुया," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. त्यानंतर तात्याबा दिवसातून दोनदा वासाच्या साबणानं आंघोळ करायला लागला. चाळिशी आली तरी त्यात खंड पडला नव्हता.

१९९५ चा हिवाळा कडक पडला. उसाच्या फडांवर सकाळी धुकं बसायचं आणि अर्धं गाव शिंकत असायचं. तात्याबालाही सर्दी झाली. त्याच्या आधी महिनाभर त्याची उजवीकडची वरची दाढ ठणकत होती. लवंग धरली, तंबाखूची गोळी दाबली, आणि एक दिवस ठणका आपोआप थांबला. बरं झालं, डॉक्टरचं झंझट वाचलं, असं म्हणून त्यानं दाढेचा विषय सोडून दिला.

बाकीच्यांची सर्दी आठवड्यात गेली. तात्याबाची गेली नाही. ती एकाच नाकपुडीत, उजव्या, मुक्कामाला राहिली. शेंबूड पातळ होईना, उलट घट्ट झाला. आधी पिवळा, मग हिरवट. सकाळी घशातून खाकरून जे निघायचं ते तो परसात जाऊन टाकायचा आणि वर पायानं माती ओढायचा. हे कुणाला दिसलं तर काय, या विचारानंच त्याला घाम फुटायचा. दुधाच्या ओट्यावर खोकणारा माणूस कोण ठेवून घेईल? आणि खोकला, बेडका म्हटलं की गावात पहिला शब्द निघायचा तो टीबी.

त्याची बायको भिमा रुमाल धुवायची. एक दिवस ती म्हणाली, "अवो, तुमच्या रुमालाला कसला घान वास येतुया?"

"डेअरीतलं हाय ते. सांडलेल्या दुधाचा आसंल," तात्याबा म्हणाला.

"दुधाचा असा नसतुया."

"तुला लई कळतं! नाक माजं का तुजं?"

पुढं भिमा रुमाल सोडा टाकून उकळत्या पाण्यात घालायला लागली. तात्याबानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

रांगेत शेवटी यायची सारजा. नात्यानं तात्याबाची चुलती, त्याच्या बापाच्या चुलतभावाची बायको. साठीची, विधवा, मागं कुणी नाही. गावापासून दीड मैलावर माळावर तिचं घर, दारात एक म्हैस आणि सात-आठ मेंढरं. माळावरून चालत यायचं म्हणून ती कायम शेवटी. तात्याबा लहान असताना वाड्यावर त्याला ताप आला, की हीच त्याला आपल्या घोंगडीत घेऊन बसायची. मोठेपणी तात्याबानं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. डेअरीत तो तिला नानी म्हणायचा, पण हळू आवाजात.

डिसेंबरातल्या एका सकाळी सारजाची किटली ओट्यावर आली. तात्याबा वाकला, श्वास ओढला आणि झटकन मागं सरकला.

"वास मारतंय."

"आरं, आत्ता काढलंय लेकरा."

"मेंढराचा वास येतुया नानी. दावणीत मेंढरं अन् म्हस एकत्र बांधल्यावर दुसरं काय हुनार?" हे तो मुद्दाम मोठ्यानं बोलला. आपण त्या माळावरचे राहिलो नाही, हे रांगेतल्या लोकांना ऐकू जावं म्हणून बोलला. निदान पुढं त्याला स्वतःला तरी तसंच वाटलं.

सारजानं किटली उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती राखेनं आणि चिंचेनं इतकी घासून आणली की डोळे दिपावेत. तात्याबा वाकला. तोच वास. कुजका, घशात उतरणारा. किटली परत. चार दिवसांनी सारजा म्हणाली, "मेंढरं भावाकडं धाडून दिली रं, सगळी. आता बग." तात्याबानं बघितलं. वास होताच. त्यानंतर ती म्हशीला रोज धुवायला लागली. मग एका गारठलेल्या पहाटे ओल्या केसांनी आली आणि पुढं होऊन खालच्या आवाजात म्हणाली, "म्या बी न्हाऊन मगच धार काढली. डोक्यावरनं न्हाले."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तात्याबाला त्या ओल्या केसांकडं बघवेना. तरी त्यानं मान हलवली.

संभाजीनं त्या दिवशी वहीतून डोकं वर काढून म्हटलं होतं, "तात्या, मला तर काय वास येत न्हाय."

"तुजं नाक तंबाखूनं मेलंय," तात्याबानं त्याला उडवून लावलं. संभाजी पुन्हा वहीत गेला. बारा वर्षांच्या नाकाशी वाद घालणार कोण?

दूध सगळ्या गावासमोर परत जायला लागलं की ते कुणी घेत नाही. शेजारच्या वस्तीवरच्या बायकांनी सारजाकडचं ताक बंद केलं. तिच्या घरी पाणी प्यायलाही लोक कचरायला लागले. महिनाभर तिनं दूध विरजून, तूप करून बघितलं, आणि शेवटी म्हैस विकली. घेतली ती चेअरमन दत्तोबांनी. हे तात्याबाला माहीत नव्हतं. सारजा यायची बंद झाली एवढंच त्यानं बघितलं, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. ही सुटल्याची भावना पुढं त्याला सगळ्यात जास्त छळणार होती.

दत्तोबांची किटली रांगेत पहिली असायची, चेअरमनच ते. एक दिवस तात्याबा झाकण उघडून म्हणाला, "आबा, ह्या आठ दिवसांत दूध लई झ्याक येतंय तुमचं. घट्ट हाय. वास बी गोड."

"नवी म्हस हाय. तुज्या सारजानानीची," दत्तोबा म्हणाले.

तात्याबाच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. इथं खरं तर त्यानं थांबायला पाहिजे होतं. तीच म्हैस, तेच दूध, आणि वास नाही. दुसरा कुणी असता तर आपल्या नाकाला हात लावून बघितला असता. तात्याबा म्हणाला, "मंजी म्हशीचा दोष न्हवता. तिच्याच हाताला वास आसनार."

रांगेतल्या लोकांनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते माळावर पोचलं.

पण आता एक पंचाईत झाली. सारजा गेली तरी वास गेला नाही. आता शेवटी यायचा म्हस्कू. सहा फूट उंच, जुना पैलवान, आवाज असा की बैल बुजावा. त्याच्या किटलीवर वाकल्यावर तात्याबाला तोच कुजका वास आला. तात्याबानं मान वर केली. समोर म्हस्कू मिशीवरून हात फिरवत उभा होता. तात्याबा म्हणाला, "हूं." किटली पास झाली. दिवसभर तो धास्तीत होता की आता टँकर नासणार, वरून निरोप येणार. काही नासलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वास आला, पुन्हा 'हूं' म्हटलं, पुन्हा काही नासलं नाही. ओट्यालाच जुना वास धरला असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि ओटा फिनेलनं धुऊन घेतला.

फेब्रुवारीत एका सकाळी परसात त्याला बेडक्यात रक्ताची तार दिसली. माती ओढायला तो विसरला. मागं भिमा उभी होती.

"चला बारामतीला," ती म्हणाली.

"कुनी बगितलं तर?"

"बगू द्या. मेल्यावर तर सगळंच गाव बगायला येतंय."

एसटीत तो खिडकीशी तोंड मफलरमध्ये घालून बसला. काटेवाडीला एक ओळखीचा माणूस चढला आणि "कुठं निगालात?" म्हणाला, तर तात्याबा "बाजाराला" असं म्हणाला. भिमा बाजूला बघत राहिली. टीबी झाला असणार हे त्यानं मनात धरलं होतं. बाराशे उंबऱ्यांच्या गावाचं दूध आपण तीन महिने श्वास टाकून तपासलं, या कल्पनेनं त्याला भर दुपारी हुडहुडी भरत होती.

दवाखान्यात कान-नाक-घशाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, थुंकी तपासायला पाठवली. मग कपाळावर आरसा बांधून नाकात बघितलं. गालाच्या हाडावर बोटानं दाबलं तर तात्याबा कळवळला.

"छाती स्वच्छ दिसतेय. थुंकीचा रिपोर्ट येऊ द्या, पण मला टीबी वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. भिमानं पदर तोंडाला लावला. "गालाच्या हाडात एक पोकळी असते. तिच्यात पू साठलाय. उजवी दाढ दुखली होती का कधी?"

"दुखली हुती. पर थांबली."

"थांबली नाही, मेली. मुळाशी सडलीय. तिथूनच हा पू वर गेलाय. आता मला सांगा, घाण वास येतो का?"

"येतो कदीमदी."

"खाली वाकल्यावर? खूप वेळ वाकून काम केल्यावर?"

तात्याबाचा हात नाकाकडं गेला.

"वाकलं की साठलेलं हळूहळू नाकात उतरतं," डॉक्टर वहीत लिहिता लिहिता सांगत होते. "पेशंटला वाटतं बाहेरून वास येतोय. कुणी घरातली गटारं उपसतं, कुणी उंदीर शोधत बसतं. वास आपल्याच नाकात असतो. तुम्ही काय करता?"

"डेअरीत आसतो," तात्याबा कसाबसा म्हणाला. "दुधाचा वास घेतो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. ते हसणार होते, पण तात्याबाचं तोंड बघून हसले नाहीत.

पहाटेपासून चाळीस किटल्यांवर वाकायचं. पहिल्या तीस-पस्तीस किटल्या होईपर्यंत साठलेलं वरच, नाक कोरडं. मग ते उतरायला लागायचं. आणि तेव्हा ओट्यावर कोण यायचं? माळावरून दीड मैल चालत येणारी बाई. हिशेब एवढा सरळ होता. तात्याबाला वाटलं, टीबी निघाला असता तर बरं झालं असतं. टीबी झालेल्या माणसाला निदान खाली मान घालून मरता येतं.

दाढ काढली. नाकाच्या बाजूनं सुई घालून पू धुऊन काढला. तो डब्यात पडला तेव्हा खोलीत वास सुटला आणि नर्सनं तोंड फिरवलं. भिमानंही फिरवलं. तात्याबानं तो वास ओळखला. रोज ज्याला तो मेंढराचा म्हणत होता, तोच.

तुम्हाला वाटेल, गावात उतरल्या उतरल्या तो माळावर गेला असेल. कसला जातोय! आठ दिवस त्यानं तोंड उघडलं नाही. दात काढला, एवढंच सगळ्यांना सांगितलं. थुंकीचा रिपोर्टही चांगला आला. नाक मोकळं झालं. ओल्या गवताचा, शेणाचा, ताज्या दुधाचा वास यायला लागला, म्हस्कूची किटली स्वच्छ लागायला लागली. माळाकडं जाणारी वाट आली की तो मान दुसरीकडं करायचा. भिमा रोज विचारायची, "गेला हुता का?" आणि तो सांगायचा, "उद्या."

नवव्या दिवशी एका पोरसवदा गड्याची किटली वाटेत कलंडली होती, वर माती लागली होती. मागचा एकजण हसत म्हणाला, "आरं पुस की जरा, न्हायतर सारजाचं दूध म्हनत्याल." रांग हसली. गावात तो वाक्प्रचारच झाला होता. घाण काही दिसलं की सारजाचं दूध.

तात्याबानं हातातलं झाकण ओट्यावर आपटलं.

"कुनी ते नाव घ्यायचं न्हाय!" त्याचा आवाज चिरका निघाला. "त्या दुधाला वास न्हवता. वास माज्या नाकात हुता. माजी दाढ सडली हुती, तिचा पू नाकात उतरत हुता. बारामतीच्या डॉक्टरनं सांगितलं. तिची किटली स्वच्छ हुती, हात स्वच्छ हुता, सगळं स्वच्छ हुतं. घान मी हुतो."

कुणी हसलं नाही. दत्तोबा पुढं आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "येडा का खुळा तू? डेअरीत उभा राहून पू-बिऊ काय बोलतुयास? लोकं उद्या दूध घालत्याल का हितं?"

मागून म्हस्कूचा आवाज आला. "मंग माज्या दुधाला बी आला आसंल की तुला वास. मी पन शेवटीच येतो."

"आला हुता."

"मंग माजं का न्हाय परत केलंस?"

रांगेत चाळीस माणसं होती. तात्याबाला खोटं बोलायला जागा होती. ओट्याचा वास वाटला, असं म्हणता आलं असतं. त्यानं ओट्याकडं बघितलं. मग म्हणाला, "तुला भ्यालो म्हनून. नानीला भ्यायचं कारन न्हवतं."

म्हस्कूनं किटली खाली ठेवली आणि मान वळवली. त्यानंतर त्या दिवशी एकेकजण झाकण स्वतः काढून स्वतःच वास घेऊन पुढं सरकत होता. तात्याबानं 'हूं' म्हणायचं सोडून दिलं. रांग संपल्यावर त्यानं दत्तोबांकडं म्हशीचा विषय काढून बघितला. "घेतलेली म्हस माघारी देत्यात व्हय?" म्हणून ते स्कूटरला किक मारून निघून गेले.

माळावर तो अनवाणी गेला की काय, असं काही नाही; चपला होत्या पायात, पण जड झाल्या होत्या. सारजा दारात डाळ निवडत बसली होती. रिकाम्या दावणीपाशी खुंटा तसाच होता. किटली भिंतीच्या खुंटीला उपडी टांगलेली होती, आणि घासून घासून तिच्यावर सगळीकडं पांढरे ओरखडे उठले होते.

तात्याबा उंबऱ्याच्या बाहेरच बसला. सगळं सांगितलं. दाढ, पू, डॉक्टर, वाकणं, म्हस्कू. काही चोरलं नाही. सांगताना तो सारखा जमिनीकडं बघत होता.

सारजानं शेवटपर्यंत ऐकलं. मग आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले.

"मंजी माज्या हाताला न्हाय?"

"न्हाय नानी."

"म्या तर लोकांना भाकर वाढायची बंद केली रं. भावाच्या घरी लगीन हुतं, तिकडं पन मी चुलीकडं गेले न्हाय. म्हनलं, आपल्यामुळं कुनाच्या अन्नाला वास नगो."

तात्याबाला हुंदका फुटला. नाक वाहायला लागलं, स्वच्छ, पाण्यासारखं. त्यानं ते बाहीनं पुसलं, लहान पोरासारखं. "मला शिव्या दे नानी. मार. काय बी कर."

"मारून काय म्हस येनार हाय?" सारजा म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "बस. च्या टाकते. शेजारच्या शेळीचं दूध हाय वाईच."

आत चूल फुंकल्याचा आवाज आला, भांडं वाजलं. तात्याबा दारातून बघत होता. तिनं चहा कपात गाळला. मग भिंतीकडं तोंड करून, आपल्याला कुणी बघत नाही असं समजून, तिनं तो कप नाकाशी नेला. एकदा वास घेतला. थांबली. पुन्हा एकदा घेतला. मग बाहेर येऊन कप त्याच्यापुढं धरला आणि हात मात्र बशीच्या कडेला, चहापासून जमेल तेवढा लांब ठेवला.

"बग बरं," ती म्हणाली, "येत न्हाय ना?"